पुसलेली पायरी

१

सलूनवाला आपल्याच खुर्चीत मेलेला सापडला. ज्या खुर्चीत त्याने निम्म्या गावाच्या माना वाकवल्या, तिच्यातच त्याची मान मागे पडली होती. गळ्याभोवती टॉवेल नीट खोचलेला. समोरच्या आरशावर दाढीच्या साबणाने एक छापील पान चिकटवलेलं. पोलीस आले, पान खिशात घातलं, आणि पंचनाम्यात लिहिलं की स्वतःची दाढी करताना वस्तरा निसटला. स्वतःची दाढी करणाऱ्याचा टॉवेल मानेमागून दुसरं कोण खोचतं, हे विचारायला पंचनाम्यात जागा नसते.

त्या पानाची गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती. टेकडीवरच्या बराकीत उचलून आणलेली माणसं कोंडली जायची. कोर्ट नाही, नोंद नाही, घरच्यांना पत्ता नाही. देशोदेशी माणसांच्या हक्कांसाठी भांडणाऱ्या एका मोठ्या संस्थेने त्यावर अहवाल काढला, आणि खरं सांगायचं तर त्या अहवालाने काम केलं. बाहेरून पाहणी करायला लोक आले. कोंडलेल्यांना रीतसर तुरुंगात हलवावं लागलं आणि आयांना आपली पोरं जाळीतून का होईना, दिसली. हे श्रेय कुणी काढून घेऊ नये.

पण त्या अहवालाचा कणा म्हणजे एका माणसाची साक्ष. नाव नाही, गाव नाही, धंदा नाही. छापलं होतं ते एवढंच: ‘दोन मुलींचा बाप, उतारवयाचा, दर आठवड्याला पत्र्याची पेटी घेऊन टेकडी चढणारा, धाप लागली की वाटेत टेकणारा एक माणूस.’

सलूनवाला शिपायांचे केस कापायला दर आठवड्याला बराकीत जायचा. त्याला दोन मुली होत्या. पेटी होती. धापही होती.

वर्णन जुळतंय म्हटल्यावर संस्थेने लगोलग जाहीर केलं की आमच्या शूर साक्षीदाराचा खून झाला. त्याचा फोटो मोठा होऊन भिंतींवर लागला. जिवंतपणी ज्याला कुणी ‘अहो’ म्हटलं नाही, त्याच्या नावामागे मेल्यावर विशेषणांची रांग लागली. आणि ऑफिसच्या बंद दारामागे एकच प्रश्न घुमू लागला. त्याचं नाव फोडलं कुणी?

२

तपासाला बोलावलं फौजदारबाईंना. फौजदारी त्यांची कधीच गेली होती, नाव तेवढं चिकटून राहिलं. कोठडीत मेलेल्या एका पोरासाठी त्यांनी आपल्याच वरिष्ठाविरुद्ध कोर्टात तोंड उघडलं आणि नोकरी घालवली. आता वकिलांसाठी हरवलेली माणसं शोधून पोट भरत. याच संस्थेने तेव्हा त्यांच्यावरही दोन पानं लिहिली होती. त्यात छापलं होतं की सांगताना या धाडसी महिला अधिकाऱ्याच्या डोळ्यांतून अश्रू वाहत होते. बाई रडल्या नव्हत्या. सर्दी झाली होती. त्यांनी तसं कळवलं, तर उत्तर आलं की वाचकांच्या मनाला भिडण्यासाठी थोडी मोकळीक घ्यावी लागते. तेव्हापासून त्या संस्थेला मान देत, पण विश्वास हातचा राखून.

इथल्या ऑफिसचे साहेब मऊ आवाजाचे गृहस्थ होते. त्यांनी समजावलं की साक्षीदार खरा कोण, हे नियमाने फक्त दोघांना माहीत असतं. एक, साक्ष लिहून घेणारी अहवालवाली. दोन, दुभाष्या. बाकी ऑफिस, खुद्द साहेबसुद्धा, अंधारात. आणि धंदा तर छापलेलाच नाही. पेटी घेऊन टेकडीवर गवंडीही जातो, वायरमनही जातो. मग बराकवाल्यांनी नेमका सलूनवाला कसा हेरला? कुणीतरी बोट दाखवल्याशिवाय?

बोट कुणाचं, ते साहेबांनी मनात ठरवलेलंच होतं. दुभाष्याचा मेहुणा बराकीत पहाऱ्यावर होता. वरच्या ऑफिसला शुक्रवारपर्यंत नाव हवं होतं. नाव ठरलं की दुभाष्याला काढायचं आणि गावातल्या सगळ्या साथीदार मंडळांना सावधगिरीची सूचना द्यायची.

‘‘सूचना म्हणजे?’’ बाईंनी विचारलं.

‘‘फक्त माहितीसाठी हो. आम्ही कुणाला शिक्षा करत नाही.’’

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं. खबऱ्या म्हणून नाव निघालेल्या माणसाला या गावात पाणी मिळत नाही, आणि पाण्याविना तो फार दिवस जगावा अशी सोयही नसते. साहेब खिडकीबाहेर बघत होते. खिडकीतून भिंतीवरचा सलूनवाला साहेबांकडे बघत होता.

३

सुरुवात ड्रायव्हरपासून केली, कारण त्याच्याकडे नवी कोरी फटफटी होती. ती सासऱ्याने दिली होती आणि त्या बदल्यात आयुष्यभराचे टोमणेही दिले होते. चौकशीत निघालं ते इतकंच. तो अहवालवालीला आणि दुभाष्याला दुसऱ्या गावातल्या भाड्याच्या खोलीपर्यंत सोडायचा आणि गाडीतच घोरायचा.

मग दुभाष्या. तो टेकडीपलीकडच्या वस्तीतला. तिकडची बोली इकडच्यांना कळत नाही, म्हणून त्याचं पोट चालायचं. वाळका, पन्नाशीचा, बोलताना दुसऱ्याचेच शब्द वापरायची सवय असल्यासारखा जपून बोलणारा. बायको दार लोटून कोपऱ्यात उभी राहिली. दाराबाहेर कुणीतरी आधीच शेण फेकून गेलं होतं. बातमीला साहेबांच्या शुक्रवारपर्यंत दम निघाला नव्हता.

बाईंनी मेहुण्याचं विचारलं. तो म्हणाला, मेहुणा आहे, सणासुदीलाही बोलत नाही. साक्षीदाराचं विचारलं, तर तोंड मिटलं. शपथ घेतली आहे म्हणाला. बाई तापल्या. शपथ कुणासाठी, माणूस तर मेला. आता कुणाला वाचवतोस?

बायको रडायला लागली. तो म्हणाला, ‘‘ताई, त्या सलूनवाल्याला मी आयुष्यात कधी भेटलो नाही. यापुढे मला जाळलं तरी बोलणार नाही.’’

बाई उठल्या. इतकं उघडं खोटं त्यांनी कोठडीतही ऐकलं नव्हतं. ज्याच्या साक्षीचा शब्दन्‌शब्द याने इकडच्या भाषेत करून दिला, त्याला हा भेटलाच नाही? साहेब बरोबर असावेत, असं पहिल्यांदाच वाटलं. पण उंबरा ओलांडताना त्यांनी मागे वळून पाहिलं. खोटं बोललेला माणूस आपलं खोटं पचलं का ते बघत असतो. दुभाष्या बघत नव्हता. तो बायकोचे डोळे पुसत होता.

४

सलूनच्या मागच्याच दोन खोल्यांत सलूनवाल्याचं घर होतं. समोरच्या चहाच्या टपरीवर दोन बिनकामाचे लोक बसून होते, आणि त्यांचा चहा काही संपत नव्हता. बाईंनी त्यांना ओळखलं. चेहरे नवे, पण बसायची तऱ्हा जुनी, सरकारी.

सलूनची पायरी मात्र लख्ख होती. अजून ओलसर. बाईंनी वाकून पाहिलं. दाराकडून रस्त्याकडे मागे मागे सरकत पुसलेली, फडक्याचे अर्धगोल एकात एक बसलेले, पावलाचा ठसा कुठे नाही. आत गेल्यावर त्या म्हणाल्या, वहिनी, अशातही घर नेटकं ठेवलंत.

वहिनी म्हणजे सलूनवाल्याची बायको. ती म्हणाली, मी झाडूला हात लावलेला नाही. तो गेल्यापासून रोज उजाडायच्या आत कुणीतरी पायरी पुसून जातं. पहिल्या दिवशी तर रक्त होतं, तेही त्याच हाताने पुसलं. दीर असेल, नाहीतर शेजारचं कुणी.

पलंगावर सासू होती. डोळे गेलेले, जीभ शाबूत. संस्थेचं नाव काढताच ती कडाडली. कसली साक्ष नि कसलं काय. माझ्या लेकाच्या पोटात दूध टिकायचं नाही, तिथे गुपित काय टिकणार? लहानपणी चोरून साखर खायचा आणि स्वतःच ओरडून सांगायचा. बराकीत काही दिसलं असतं तर त्याने पहिल्या गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लागायच्या आत सांगितलं असतं.

वहिनी हसली, आणि हसल्याबद्दल स्वतःवरच चिडल्यासारखी झाली. म्हणाली की शिपाई वरच्या अंगणात खुर्ची टाकायचे, तिथेच कापून तो परत यायचा. आत त्याला सोडतच नव्हते. हेच ती साहेबांनाही सांगायला गेली होती. ते म्हणाले, शूर माणसं घरच्यांना काळजीत टाकत नाहीत. मी तुमच्या दुःखात सहभागी आहे. ‘‘आणि हे कोण सांगतंय? महिन्याला इथे केस कापायला येणारा माणूस. माझ्या नवऱ्याशी तासन्‌तास गप्पा हाणायचा, इतक्या की गिऱ्हाइकं खोळंबायची.’’

बाईंचा हात पाण्याच्या पेल्यावर थांबला. काहीतरी खटकलं होतं, पण हाताला लागत नव्हतं.

निघताना वहिनीने त्यांचा हात धरला. ‘‘ताई, फोटो त्यांचे त्यांना लखलाभ. मला एवढंच सांगा, माझा माणूस कुणामुळे गेला. पोरींनी विचारलं तर माझ्याकडे उत्तर हवं.’’

बाईंनी शब्द दिला. शब्द देणं सोपं असतं.

५

खटकलेली गोष्ट रस्त्यात हाताला लागली आणि बाई भर बाजारात उभ्या राहिल्या.

सलूनवाला साहेबांशी तासन्‌तास गप्पा मारायचा. साहेबांच्या भाषेत. वहिनीही तीच बोलते, सासूही. अहवालवालीलाही तीच येते. मग साक्ष घ्यायला दुभाष्या कशाला लागला?

त्यांनी पिशवीतून अहवाल काढला आणि तिथेच एका बंद दुकानाच्या ओट्यावर बसून साक्ष पुन्हा वाचली. आतापर्यंत त्या पेटीच्या ओळीलाच अडकल्या होत्या. या वेळी त्यांनी ती ओळ वगळली आणि फक्त साक्षीदाराचे शब्द घेतले.

‘त्यांच्या टाचा फुटलेल्या होत्या. एकाची नखं नव्हती. फरशी ओली असली की ते घसरायचे आणि शिपाई हसायचे. नवा आणला की बेड्यांनी घोटे लाल असायचे, जुन्यांचे काळे पडायचे. एकाच्या पायात लग्नातला बूट होता, एकाच पायात. एक दिवस तो बूट कोपऱ्यात पडलेला दिसला, पाय दिसले नाहीत.’

बाईंनी पान उलटलं. पुन्हा पाय. पुन्हा फरशी. साऱ्या साक्षीत एकही चेहरा नव्हता, एकही डोकं नव्हतं. उभी हयात माणसांच्या डोक्यांवर काढलेला सलूनवाला, आणि त्याच्या तोंडात केसाचा शब्द नाही? वाढलेली दाढी नाही, उवा नाहीत, डोक्यावरची खोक नाही? साक्षीदाराने जे पाहिलं ते सगळं गुडघ्याखालचं होतं. या माणसाला मान वर करायची परवानगी नव्हती. हा फरशीवर वाकलेला होता.

दुभाष्या खोटं बोललाच नव्हता. तो सलूनवाल्याला खरोखर कधी भेटला नव्हता.

सलूनवाल्याने ही साक्ष दिलीच नव्हती.

आणि ज्याने दिली, तो माणूस अजून जिवंत होता. बाईंना ती ओली पायरी आठवली, मागे मागे सरकत पुसलेली. फरशी पुसणं हाच ज्याचा धंदा, त्याच्या हाताचे ते अर्धगोल. बाईंनी अहवाल झटकन पिशवीत कोंबला, जणू टपरीवरचे ते दोघे मान लांब करून पान वाचत होते.

६

अहवालवाली तिशीची, शहरात शिकलेली, हुशार पोरगी. बाईंनी दार लावून घेतलं आणि एकच विचारलं. पत्र्याची पेटी कुणाची?

तिने प्रश्न परत विचारायला लावला नाही. बरेच दिवस तो प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून ती बसली होती, असं तिच्या तोंडावरून दिसलं.

संस्थेत त्याला मुखवटा म्हणतात. साक्षीदाराचे शब्द देवाचे, त्याला हात लावायचा नाही. पण तो कोण, ते मात्र बदलायचं. बाईचा पुरुष करायचा, तरुणाचा म्हातारा. नुसतं ‘एक माणूस’ लिहिलं की वरचं ऑफिस परत पाठवायचं. वाचकाला डोळ्यांसमोर कुणी दिसत नाही म्हणायचं. म्हणून तिने एक माणूस बनवला. तिचे वडील हत्यारांची पत्र्याची पेटी घेऊन दारोदार कुलपं दुरुस्त करत. दोन मुली, उतारवय, चढावर धाप. तिने आपल्या बापाचा चेहरा त्या साक्षीला दिला. टेकडी तिने कधी पाहिली नव्हती. तिथे खरोखर असा कुणी चढत असेल, हे तिच्या मनातही आलं नाही.

‘‘तुमच्याकडे तपासणी असते ना? एवढी ख्याती आहे.’’

‘‘असते. टाचांचं, घोट्यांचं, त्या बुटाचं, सगळं आम्ही दोन-दोन जागी पडताळलं.’’ तिचा आवाज फुटला. ‘‘खरं होतं तेवढं सगळं तपासलं, बाई. खोटं होतं ते कोण तपासणार?’’

बाई पोलिसात होत्या, त्यांनी खुनी बरेच पाहिले. काही रडायचे, काही बिड्या मागायचे. चांगल्या मनाने, छान भाषेत, तीन ओळींत माणूस मारणारा त्यांनी पहिल्यांदा पाहिला. गळा कापला बराकवाल्यांनीच, त्यांना कुठलं पाणी धुऊ शकणार नाही. पण बोट दाखवलं होतं ते या टेबलावरून.

मग गप्प का बसलीस, असं त्यांनी विचारलं. दुभाष्याचा जीव जातोय.

त्यावर ती म्हणाली की संस्थेचा नियम आहे, छापलेली चूक कळली की ती जाहीर दुरुस्त करायची. साहेबांना सांगायचं म्हणजे वरच्या ऑफिसला सांगायचं, आणि ते दुसऱ्या दिवशी प्रामाणिकपणे जगाला सांगतील की मेलेला माणूस साक्षीदार नव्हता. टेकडीवरचे तेही वाचतील. मग ते खऱ्या साक्षीदाराला शोधायला निघतील. हे तिला कळत होतं, दुभाष्यालाही कळत होतं. म्हणून तो शेण झेलत गप्प होता. ‘‘आणि मी,’’ ती म्हणाली, ‘‘मी भित्री पण आहे. दोन्ही खरं आहे.’’

बाई खुर्चीत मागे टेकल्या. कोडं सुटलं होतं आणि उत्तर कुणालाच देता येत नव्हतं. खरं सांगावं तर एक मरतो. न सांगावं तर दुसरा. आणि शुक्रवार उद्यावर होता.

७

वहिनीला शब्द दिला होता, म्हणून त्या तिच्याकडे गेल्या. सलूनचं दार आतून लावून, खुर्चीकडे पाठ करून, त्यांनी सगळं सांगितलं. पेटीचं, मुखवट्याचं, त्या पोरीच्या बापाचं. साक्षीदार खरा कोण, ते सांगायला तोंड उघडणार, तोच वहिनीने हात वर केला.

‘‘नाव सांगू नका. या घरात कुणाच्या पोटात काही राहत नाही.’’

मग तिने आरशाकडे पाहिलं. साबणाचा डाग अजून पुसलेला नव्हता. म्हणजे काहीच नाही, ती म्हणाली. मला वाटायचं निदान काहीतरी पाहिलं असेल, बोलला असेल, त्याबद्दल गेला असेल. हा तर नुसता पेटी घेऊन चढत होता.

आतल्या खोलीत पलंगावरून सासू ऐकत होती. तिने विचारलं की त्या दुभाष्याला लेकरं किती. बाई म्हणाल्या, तीन. वहिनी उठून पलंगाशी गेली, आणि सासूने चाचपून तिचा हात धरला.

‘‘लिहून घ्या,’’ वहिनी म्हणाली. ‘‘माझ्या नवऱ्याने स्वतःच सांगितलं. गिऱ्हाइकांसमोर, दुकानात बसून. मी त्या परक्या लोकांना साक्ष दिली म्हणून मिरवत होता. मी ऐकलंय. सासूबाईंनी ऐकलंय.’’

‘‘वहिनी, मग दोष त्याच्यावर येतो.’’

‘‘येऊ दे. त्याला आता काय त्याचं.’’

‘‘संस्थाही सुटते. ती पोरगी सुटते, साहेब सुटतात. मी ते होऊ देणार नाही.’’

सासू अंधाऱ्या डोळ्यांनी आवाजाच्या दिशेने वळली. ‘‘तुझा राग तुझ्यापाशी ठेव गं बाई. रागापायी अजून एक मढं नको. माझा पोर बडबड्या होता, सगळ्या गावाला ठाऊक आहे. त्याच्या बडबडीचा एकदा तरी कुणाला उपयोग होऊ दे.’’

बाईंनी लिहून घेतलं. सर्दी झालेली नव्हती, तरी डोळे पुसावे लागले. बरं झालं, बघायला संस्थेचं कुणी नव्हतं.

८

साहेबांनी कागद वाचला आणि सुटकेचा श्वास टाकला. वाईट वाटलं म्हणाले. सलूनवाला गप्पिष्टच होता, आपल्यालाही तसा संशय होताच, असंही म्हणाले. दुभाष्याचं नाव मागे घेतलं गेलं; त्याच्या दारावरचं शेण कुणी मागे घेतलं नाही. वरच्या ऑफिसने या दुर्दैवी प्रसंगातून शिकवण घेतली. पुढच्या अहवालाच्या सुरुवातीला एक चौकट आली, साक्षीदारांनी आपल्या साक्षीबद्दल सार्वजनिक ठिकाणी बोलू नये. मेलेल्या माणसालाच धडा शिकवून संस्था पुढे गेली. अहवालवालीने नोकरी सोडली नाही. तिने त्यानंतरच्या साक्षी ‘एक माणूस’ एवढ्यावरच ठेवल्या, आणि परत आल्या तरी बदलल्या नाहीत. एवढं तिच्या खात्यावर जमा.

बाईंना तेवढ्याने समाधान नव्हतं. पण हे सगळं होण्याआधी, कागद दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी, एक काम उरकायचं होतं. त्या उजाडायच्या सुमाराला वहिनीकडे आल्या, पायरी पुसणारा हातच साक्षीदाराचा आहे आणि तो टपरीवरच्यांच्या डोळ्यांत भरता कामा नये, एवढं तिच्या कानात सांगितलं, आणि दाराच्या फटीतून बाहेर बघत दोघी बसल्या. टपरी उघडत होती. ते दोघे बिनकामाचे येऊन बसले होते.

ती आली. टेकडीपलीकडच्या पद्धतीने लुगडं खोचलेली एक बाई, बादली नि फडकं घेऊन. मान खाली. ती दारापाशी वाकली आणि मागे मागे सरकत पायरी पुसू लागली. टपरीवरच्या एकाने चहाचा पेला खाली ठेवला. रोज कोण ही, का पुसते, असा प्रश्न त्याच्या कपाळावर उमटत होता. अजून उमटून पुरा झाला नव्हता.

वहिनीने दार धाडकन उघडलं.

‘‘पुन्हा आलीस? दहा दारं पुसून पैसे मागत फिरायचं, आणि आता माझ्या मेलेल्या माणसाच्या दारातही? चालती हो. परत इथे दिसलीस तर झाडूने बडवीन.’’ तिने बादली लाथेने उडवली. पाणी रस्त्यावर वाहत गेलं. टपरीवरचे दोघे हसले. विधवेचं डोकं फिरलंय, असं एक दुसऱ्याला म्हणाला, आणि पेला पुन्हा उचलला.

त्या बाईने मान वर केली. तिला इकडची भाषा येत नव्हती. तिने वहिनीच्या तोंडाकडे पाहिलं. तोंडात शिव्या होत्या आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि टपरीकडे वहिनीची पाठ होती. ते तोंड फक्त तिला दिसत होतं. तिने बादली उचलली आणि गेली. मागे वळून पाहिलं नाही.

त्यानंतर ती पायरी कुणी पुसली नाही. फौजदारबाई जेव्हा केव्हा तिकडून जात, तेव्हा तिच्यावर धुळीचा थर चढलेला दिसे. वहिनी मुद्दाम झाडत नसे. रोज सकाळी दार उघडायची, धूळ कालच्यासारखीच आहे ना ते बघायची, आणि मग कामाला लागायची.